जंगर सोडून चार तास

शेडमध्ये उभी असलेली मोटार दरवर्षी थोडी थोडी वेगवान होत जाते, असा एक सिद्धांत मला मांडायचा आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो सापडत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणारी माणसं आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभी राहिलेली नसतात. असा सिद्धांत मांडायला स्वतःला मोटार धड चालवता यावी लागत नाही, हे माझं नशीब. जागा मात्र अभ्यासाला उत्तम. समोर राजपुरीची खाडी, पलीकडच्या काठाला दिघी, खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि मागे मोटारींची रांग. मोटारी नेणारा जंगर पलीकडे आहे असं कळलं की इंजिनं बंद होतात, दारं उघडतात आणि पुरुषवर्ग खाली उतरतो. कुणी कंबर सरळ करतो, कुणी स्वतःच्याच टायरला बुटाने टोचून बघतो. मग नाव नाही, गाव नाही, थेट पहिला प्रश्न : "मुंबईहून किती वेळ लागला?" उत्तर नुसतं कधी येत नाही. "साडेपाच तास. पण आता गाडी चालवण्यात काय राम राहिलाय? ८७ साली मी फियाटने दिघीला चार तासांत यायचो." लगेच मागच्या बॉनेटला टेकलेले गृहस्थ म्हणतात, "आमची अँबॅसिडर पावणेचारात यायची." तिसरे काही बोलत नाहीत, नुसते हसतात. तेवढ्यावरून सगळ्यांना कळतं, की यांच्याकडे हेरल्ड होती.

या वेळा खोट्या आहेत, असं मी म्हणत नाही. खोटं बोलायला खरं काय होतं ते आठवावं लागतं. माझं म्हणणं असं, की चालत्या गाडीची वेळ घड्याळात बघून सांगतात आणि भंगारात गेलेल्या गाडीची वेळ वजाबाकी करून काढतात. मुंबई सुरू कुठे होते इथूनच वजाबाकी सुरू होते. घर दादरला असलं, तरी जुन्या प्रवासाची मुंबई चेंबूरला संपलेली असते, आणि वाद वाढला तर पनवेलला. "पनवेल सोडल्यापासून म्हणतोय मी. त्याच्या आधीचं काय धरायचं?" मग वडखळचा चहा वजा होतो, कारण तो सगळेच पितात. नागोठण्याचं पंक्चर वजा होतं, कारण त्यात गाडीचा दोष नाही. धाकट्याला झालेली उलटी ही नैसर्गिक आपत्ती, ती कुठल्याही हिशोबात येत नाही. माणगावला फाटा चुकून महाडच्या दिशेने काढलेला अर्धा तास तर घडलेलाच नसतो. अशी वजाबाकी होता होता शेवटी उरतो तो रस्त्याचा एक सरळ, मोकळा, उताराचा तुकडा. त्या तुकड्यावरचा वेग अख्ख्या प्रवासाला लावला, की चार तास बरोब्बर निघतात. एखादा तरुण कधी मध्येच शंका काढतो. "काका, तुम्ही ६८ साल म्हणता. तेव्हा वाशीचा पूल कुठे होता? तो तर १९७३चा. ठाणे, मुंब्रा, शीळफाटा करून पनवेल गाठायचं म्हणजे वेळ जास्तच लागणार ना?" काका त्याच्याकडे दयेने बघतात. "अरे, पूल नव्हता म्हणूनच ट्रॅफिक नव्हतं." यावर उत्तर नाही.

हिशोबाची गंमत म्हणून दर काढून बघावा. म्हसळामार्गे धरलं तर मुंबई-दिघी अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं. चार तास म्हणजे ताशी पन्नास. हे फियाटला अगदीच अशक्य नव्हतं, म्हणूनच मंडळी चार तासांपासून सुरुवात करतात. पण आठवणीतली वेळ वर्षाला पाच मिनिटांनी जरी उतरली, तरी तेहेतीस वर्षांत ही फियाट स्टर्लिंग मॉसला गाठते. मॉस म्हणजे तोच, ज्याने १९५५ साली इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत ब्रेशिया ते रोम ते ब्रेशिया हे सुमारे सोळाशे किलोमीटर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत तोडले. सरासरी ताशी १५७ किलोमीटर, आणि तेही सार्वजनिक रस्त्यांवरून, गावांच्या मधून. त्याच्याकडे मर्सिडीजची ३०० एसएलआर होती. आपल्या काकांकडे १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचे गिअर, आत पाच माणसं, डिकीत गादी आणि टपावर ट्रंक. पण फियाट ११००ची भावंडं त्याच मिले मिलियात खरोखर धावलेली आहेत, हे एकदा का काकांच्या कानावर पडलं, की तेहेतीस वर्षंही थांबायची गरज उरत नाही.

मॉसच्या विक्रमावर कुणी शंका घेत नाही, कारण त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. त्याने रस्त्यातली वळणं, चढ, खाचखळगे यांच्या टिपणांची साडेपाच मीटरच्या आसपास लांबीची गुंडाळी करून एका डबीत बसवली होती आणि ती फिरवत तो हाताच्या खुणांनी मॉसला पुढचं वळण सांगत होता. कोकणच्या रस्त्यावर हे काम बायकांनी केलं. डाव्या सीटवर बसून त्यांनी वळणं सांगितली, गाईम्हशी सांगितल्या, "अहो, एसटी येतेय" हे सांगितलं, शिवाय मांडीवर पोर आणि पायाशी पाण्याची कॅन सांभाळली. कॅन पिण्याच्या पाण्याची नव्हे, रेडिएटरची. त्यामुळे या विक्रमांची अधिकृत नोंद फक्त त्यांच्याकडे आहे. आणि नेमकी म्हणूनच जेट्टीवर पुरुष खाली उतरतात तेव्हा त्या गाडीत बसून राहिलेल्या बऱ्या असतात. काच खाली असेल तर घात होतो. "चार तास? चार तास झाले तेव्हा आपण कोलाडला होतो. बॉनेट उघडून." काका ताबडतोब विषय पेट्रोलच्या तेव्हाच्या भावाकडे नेतात.

हा रोग कोकणापुरता आहे असं समजून कुणी लाजू नये. ज्यांच्याकडे स्टॉपवॉच आहे, पंच आहेत, छापील निकाल आहेत, त्यांचीही अवस्था याहून बरी नाही. जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगचं उदाहरण घ्या. १९५७ साली तिथे फान्जिओने २२.८ किलोमीटरची फेरी ९ मिनिटं १७.४ सेकंदांत मारली. १९८३ साली स्टेफान बेलोफने ६ मिनिटं ११.१३ सेकंद नोंदवले, पण तोवर फेरी आखडून २०.८३२ किलोमीटरवर आली होती. म्हणजे तिथेही पनवेल सोडल्यापासूनच धरलं. ती वेळ पस्तीस वर्षं टिकली. २०१८ साली पोर्शने शर्यतींचे नियम बाजूला ठेवून घडवलेली एक गाडी नेली आणि ५ मिनिटं १९.५५ सेकंदांत निकाल लावला. एवढ्याने वाद मिटावा की नाही? जुन्या मोटारींचे भक्त म्हणतात, टायर बघा, डांबर बघा, कडेचे कठडे बघा, आणि फान्जिओच्या काळात काय होतं ते बघा. बरोबरच आहे. पण हेच लोक १९५७च्या वेळेची तुलना १९३९च्या वेळेशी करताना डांबराचं नाव काढत नाहीत.

या अभ्यासातून एक गोष्ट मात्र निर्विवाद हाती लागते. जुना विक्रम टिकवायचा असेल तर गाड्यांकडे लक्ष देऊन उपयोग नाही, रस्त्याकडे द्यावं. इटलीत मोन्झाला १९७१ साली पीटर गेथिनने ताशी २४२ किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी आयोजकांनी ट्रॅकवर नागमोडी अडथळे घातले. मग काय, सर्वांत वेगवान ग्रां प्री म्हणून तो आकडा २००३पर्यंत, बत्तीस वर्षं, कुणाला हलवता आला नाही. इंग्लंडमधल्या गुडवुडने तर त्याहून पक्का उपाय केला. १९६५ साली जिम क्लार्क आणि जॅकी स्ट्युअर्ट या दोघांनी तिथे १ मिनिट २०.४ सेकंद अशी एकसारखीच वेळ दिली, १९६६ साली शर्यती बंद झाल्या, आणि १९९८ साली जुन्या मोटारींसाठी फाटक पुन्हा उघडेपर्यंत विक्रम मोडायला कुणी आलंच नाही. इथेही बत्तीस वर्षंच. आपल्याकडे नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन वेटलने २०११ साली १ मिनिट २७.२४९ सेकंदांचा विक्रम केला, आणि फॉर्म्युला वनने २०१३नंतर तिथे येणंच सोडल्यामुळे तो सुखरूप आहे. याच २०११ सालापासून मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण चाललेलं आहे. लोक उगाच त्यावर चिडतात. काकांच्या चार तासांना गेली कित्येक वर्षं कुणी धक्का लावू शकलेलं नाही, ते या कामाच्या कृपेने. रस्ता पुरा झाला आणि एखाद्या सामान्य टॅक्सीवाल्याने सहज गप्पा मारत, चहा धरून, साडेतीन तासांत माणूस दिघीला आणून सोडला, तर एका अख्ख्या पिढीने तोंड कुठे लपवायचं? वडखळचा तो खोळंबा, तो वळसा, त्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांच्या माळा यांना मोन्झाच्या नागमोडी अडथळ्यांचाच मान द्यायला हवा.

मोटारीच कशाला? रायगडच्या वाळूवर बैलगाड्या धावतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये शर्यतींवर बंदी आणली आणि डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या साडेसात वर्षांत गोठ्यात बसल्या बसल्या जुन्या बैलांनी जी प्रगती केली, ती मैदानात त्यांना कधी जमली नव्हती. बंदी उठली तेव्हा नव्या जोड्यांपुढे आव्हान होतं ते हयात बैलांचं नव्हे, गोष्टींमधल्या बैलांचं, आणि गोष्टीतला बैल दमत नाही, बिथरत नाही, वाळूत रुतत नाही. नव्या जोडीने पहिला नंबर काढला तरी किनाऱ्यावरचा एखादा म्हातारा म्हणतोच, "बरी आहे. पण आमच्या सर्ज्याने हिला शेपूटसुद्धा दिसू दिलं नसतं."

आता आक्षेप. पहिला असा, की हे सगळं तोंडी हिशोबांचं झालं. नीट घड्याळ लावलं तर वाद राहतोच कुठे? घड्याळावर इतका विश्वास असणाऱ्यांनी १९९७ची हेरेझची फॉर्म्युला वन शर्यत आठवावी. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारी यंत्रं लावली होती. पात्रता फेरीत विलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंत्झन या तिघांनीही वेळ दिली १ मिनिट २१.०७२ सेकंद. घड्याळाने हात टेकले. शेवटी ज्याने ती वेळ आधी दिली तो पुढे, असं ठरवावं लागलं. तिथे जर हजाराव्या भागाने निकाल लागत नाही, तर "निघालो तेव्हा आकाशवाणीवर बातम्या चालू होत्या आणि पोचलो तेव्हा जेवणं व्हायची होती" एवढ्या पुराव्यावर फियाट आणि अँबॅसिडरचा निकाल कसा लागणार? उलट मला वाटतं, लागत नाही म्हणूनच बरं आहे. निकाल लागला तर फेरीबोट येईपर्यंत बोलायचं काय?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुने चालक खरोखरच कसलेले होते, हे तरी मान्य कराल की नाही? करतो, संपूर्ण मान्य. पॉवर स्टिअरिंग नाही, ड्रमचे ब्रेक, एसी म्हणजे काचेचा तिकोनी तुकडा उघडणे, आणि सुकेळीच्या खिंडीत समोरून ट्रक आला तर कुणी मागे घ्यायचं यावर बोलणी. अशी गाडी दोनशे किलोमीटर नेऊन दिघीत सगळी माणसं मोजून उतरवणं हा पराक्रमच होता. पण मग तो पराक्रम सांगावा. तासभर उकळलेला रेडिएटर, ओढ्यातून आणलेलं पाणी, साबणाच्या वडीने बुजवलेली पेट्रोलच्या टाकीची भेग, फॅनबेल्ट तुटल्यावर चढवलेला नायलॉनचा मोजा, या गोष्टी ऐकायला माणसं जेवण सोडून बसतील. नेमक्या त्याच गोष्टी मंडळी वेळेतून वजा करून टाकतात आणि उरलेला कोरडा आकडा पुढे करतात. चार तास! त्यात काय ऐकायचं? आजची कुठलीही लहान गाडी, रस्ता मोकळा मिळाला तर, रेडिओ ऐकत ऐकत चार तासांत येईल. तिची गोष्ट मात्र होणार नाही, कारण वाटेत काही घडलेलंच नसेल.

तिसरा आक्षेप तरुणांचा. मोबाइलमध्ये नकाशा आल्यापासून हे वाद संपले, आता सगळं नोंदलेलं असतं, असं ते म्हणतात. त्यांना स्वतःकडे बघायला सवड झालेली नाही. तेही जेट्टीवर उतरतात, फक्त टायरऐवजी मोबाइल टोचतात. "निघताना गूगल पाच दहा दाखवत होतं. मी चार छत्तीसमध्ये आलो." काका निदान दुसऱ्या मोटारवाल्याला हरवत होते. हा पोरगा उपग्रहाला हरवून आलाय. आणि वजाबाकी? ती वाढलीच आहे. फास्टॅग चालला नाही ती मिनिटं वेगळी, चार्जिंगचा पाऊण तास वेगळा, आणि अटल सेतूवरून आलेल्याशी वाशीवरून आलेला बोलतच नाही, कारण त्यांचा ट्रॅक निराळा.

या सगळ्यांत भला माणूस एकच आठवतो. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरवलं. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ जातीचं जुनं विमान काढलं आणि तोच प्रवास पुन्हा एकट्याने करून दाखवला. जुनी वेळ सांगणाऱ्याने खरं तर एवढंच करायचं असतं. पण हा पायंडा समाजाला परवडणारा नाही. उद्या सगळ्या काकांना शेडमधली डुक्कर फियाट काढून पुन्हा दिघीला यायला लावलं, तर महामार्गावर वडखळपासून कोलाडपर्यंत उघड्या बॉनेटांची रांग लागेल, आणि खाली बसलेल्या प्रत्येक काकूंच्या चेहऱ्यावर एकच भाव असेल.

इटालियन लोकांनी यावर जास्त शहाणपणाचा तोडगा काढला. वेगाची मिले मिलिया १९५७ साली संपली. १९७७ सालापासून ती जुन्या मोटारींसाठी पुन्हा भरते, पण आता त्यात ठरलेल्या टप्प्याला ठरलेल्या वेळी पोचायचं असतं; लवकर पोचलात तरी गुण कापले जातात. आपल्याकडे ही व्यवस्था आगरदांड्याला आपोआप झालेली आहे. महामार्गावर ज्याने प्राण पणाला लावून वीस मिनिटं कमावली तो, आणि जो पोयनाडला भजी खात बसला तो, दोघे एकाच बोटीची वाट बघतात. बोटीवरचा पोरगा हात करतो : "घ्या, घ्या, अजून घ्या, बस." रेवदंड्यापासून सर्वांना मागे टाकत आलेला वीर त्या पोराच्या बोटाच्या इशाऱ्यावर इंच इंच सरकतो. मग त्याची सात आसनी गाडी, तिला टेकून मासळीचा टेम्पो आणि मध्ये चार स्कूटर, असे सगळे मिळून दिघीला त्याच मिनिटाला पोचतात. घड्याळाची एवढी समता कुठल्या राज्यघटनेला जमलेली नाही. म्हणून तर जेट्टीवर प्रत्येक वेळ सांगताना पहिली अट घातली जाते : "जंगर सोडून."

या अटीतला विनोद जुन्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. कोकणात मोटारी पलीकडे नेणाऱ्या बोटी रुजल्या त्या २००३ साली दाभोळ-धोपावे सुरू झाल्यानंतर. ८७ साली दिघीला फियाट यायची ती माणगाव, म्हसळा, बोर्ली करूनच. तरीही काका सांगतात, "चार तास. जंगर सोडून." म्हणजे जो जंगर नव्हताच, तोही त्यांनी सोडलेला असतो. एसटीचा ड्रायव्हर या चर्चेत कधी भाग घेत नाही. त्याची वेळ डेपोत लिहिलेली असते, आणि विचारलंच कुणी, तर तो म्हणतो, "रस्ता सोडेल तेव्हा."

आता रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या योजनेत या खाडीवरही पूल आहे. तो होईल तेव्हा होईल, पण झाल्यावर काय घडेल ते आजच लिहून ठेवता येतं. जंगर बंद पडेल आणि त्या दिवसापासून वेगवान होऊ लागेल. आज उपग्रहाला हरवणारा पोरगा तेव्हा काका झालेला असेल, आणि पुलावरच्या टोलनाक्याच्या रांगेत खाली उतरून कुणाला तरी सांगत असेल, "तुम्हाला काय सांगायचं, आमच्या वेळी जंगर होता. पाच मिनिटांत पलीकडे."

"आणि रांगेत किती थांबायचात?"

"रांग कशाला धरायची?"